‘नादी लागला’ त्याला ‘पंथाला लागला’ म्हणू नका

नाशिकरोडच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलंय. त्यांचा भाचा गेल्या वर्षापासून एका नव्या आध्यात्मिक मंडळात जाऊ लागलाय. घरचे म्हणतात, ‘पोरगा कल्टमध्ये गेला.’ भाचा म्हणतो, ‘मावशी, ही नवी धार्मिक चळवळ आहे. वारकरी संप्रदायसुद्धा कधीतरी नवाच होता की.’ ताईंचे प्रश्न दोन: अशा चळवळींना कल्ट म्हणून नावं का ठेवतात, आणि कल्टला मराठीत ‘पंथ’ म्हटलं तर चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे. नाही. गेली काही वर्षं बातम्यांत कुठल्यातरी भोंदूला पकडलं की खाली पट्टी धावते, ‘पंथप्रमुखाला अटक’. अरे, कसला पंथ? नाथांचा पंथ असतो, महानुभावांचा पंथ असतो. त्याच रांगेत हा कुठून बसवला? आणि उलट्या बाजूने, सिंहस्थाच्या तयारीवर बोलताना एका निवेदकाने तेरा आखाड्यांना ‘तेरा कल्ट’ म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. इंग्रजी–मराठी कोशात ‘कल्ट’पुढे पंथ, संप्रदाय असं छापलेलं सापडतं आणि तिथून ही चूक दोन्हीकडे वाहत जाते.

पंथ म्हणजे वाट. संप्रदाय म्हणजे सम्-प्र-दा, नीट हाती सोपवणं. व्याकरणातलं संप्रदान तेच. दोन्ही शब्दांत काही वाईट नाही, म्हणून पुढे जातो.

‘कल्ट’च्याही मुळात काही वाईट नाही. लॅटिन ‘कोलेरे’ म्हणजे शेत कसणं, निगा राखणं, देवाची पूजा करणं. त्याच्यामागचा जुना धातू ‘फिरणे’ या अर्थाचा, आणि त्याच मुळातून आपल्याकडे ‘चर्’ आला. म्हणजे पूजेतले सोळा उपचार आणि युरोपातला कल्ट हे भाऊबंद! काळारामापुढे रोज जे उपचार होतात ते मूळ अर्थाने कल्टच. त्याच ‘चर्’ला ‘उप’च्या जागी ‘अभि’ लावा, की अभिचार होतो, जारणमारण होतं. फ्रेंचांनी तर वाटणीच उलटी केली: त्यांच्याकडे ‘क्युल्त’ म्हणजे उपासना, धर्म आणि राज्य वेगळं करणाऱ्या १९०५ च्या कायद्यात उपासनेच्या स्वातंत्र्याची हमी याच शब्दात आहे, आणि शिवी ठरला तो ‘सेक्त’. इंग्रजीत सेक्ट त्यामानाने सभ्य राहिला आणि कल्ट बदनाम झाला. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानातल्या जोन्सटाउनला एका धर्मगुरूच्या मागे गेलेली नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यानंतर तो शब्द पार काळवंडला. अभ्यासकांना शिवी नको होती, म्हणून त्यांनी ‘नवी धार्मिक चळवळ’ हे नाव चालवलं. जपानीत तसा शब्द होताच, ‘शिनशूक्यो’, नवा धर्म. पण त्याच जपानात २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी सरीन सोडणाऱ्यांचं नाव होतं ओम शिनरिक्यो. शिनरिक्यो म्हणजे सत्याची शिकवण. नावावर जायचं तर कुठल्याच नावावर जाता येत नाही.

भाच्याचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. नव्याला नावं ठेवली जातात हे खरंच आहे आणि त्याचा पुरावा मराठीनेच जपून ठेवलाय: ‘मानभावी’ हा शब्द. ‘मानभावी हसला’, ‘उगाच मानभावीपणा नको’ असं आपण सर्रास बोलतो. याची फोड मान अधिक भाव, म्हणजे मान देण्याचा नुसता आव आणणारा, अशी सांगणारे मला अजून भेटतात आणि त्यात मराठी शिकवणारेही असतात. ही फोड साफ चूक आहे. जुनी म्हण ऐका: ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.’ कसाब हा माणूस आहे. म्हणजे जोडीचा मानभावही माणूसच हवा. आव आणि भाव कधी बोलतात का? हा मानभाव म्हणजे महानुभाव, चक्रधरस्वामींचा अनुयायी.

तेराव्या शतकातली ही चळवळ तेव्हा अगदी नवी होती. चातुर्वर्ण्य मानायचं नाही, बायकांना दीक्षा द्यायची, धर्म मराठीत सांगायचा. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांना कुणी संस्कृतात विचारलं तर ते म्हणत, मला चक्रधरांनी मराठीत सांगितलं, मराठीतच विचारा. लीळाचरित्रासारखा गद्य ग्रंथ या लोकांनी दिला, महदंबेचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, दिले. आणि समाजाने काय दिलं? संशय. मग ग्रंथ सांकेतिक लिपीत गेले, लिपी कळेना म्हणून संशय आणखी वाढला, आणि अखेर पंथाचं नावच ढोंग्याचं विशेषण झालं. अहिंसा कडक पाळणाऱ्या माणसांना म्हणीत कसाबाशेजारी उभं केलं! त्यातही एक गोष्ट सुटली नाही: बोलणं मऊ होतं, हे म्हणही कबूल करते. मला हा शब्द वापरताना आजही अपराधी वाटतं, आणि मी तो शक्यतो वापरत नाही.

‘पाखंड’चीही हीच गत. गिरनारच्या बाराव्या शिलालेखात अशोक म्हणतो, राजा सगळ्या ‘पासंडां’चा मान करतो, संन्याशांचा आणि गृहस्थांचाही. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पासंड म्हणजे नुसता धर्मगट, निंदा नाही. पुढे ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायापर्यंत येईतो ‘पाखांडाचे दरकुटे । मोडीं वाग्वाद अव्हांटे’ झालं. अव्हांट म्हणजे आडवाट. जुने पंडित श्लोक म्हणून दाखवतात, की ‘पा’ म्हणजे वेदांचं पालन आणि त्याचं खंडन करतो तो पाखंड. मुळात ‘ख’ नव्हताच हो! पासंड, पाषंड आणि मग ‘ष’चा ‘ख’ उच्चार होऊन पाखंड. शब्द बिघडल्यावर त्यात ‘खंड’ दिसला आणि दिसला म्हणून व्युत्पत्ती रचली. परिषदेतला तो पार्षद आणि त्यावरून पासंड, हे मला कितीतरी पटतं.

तर नामाचं हे असं होतं. गटाला एकदा नाव दिलं, की ते शिवी व्हायला वेळ लागत नाही आणि शिवी कुणालाही देता येते, सिद्ध काहीच करावं लागत नाही. मग कल्टला मराठी शब्द काय? माझं म्हणणं असं, की मराठीने त्याला नाम केलंच नाही, क्रियापदं केली. ‘बुवाबाजी’ आहे, पण ती बुवाची. तिच्यात मागे गेलेल्या माणसाचं काय झालं ते येत नाही, आणि हल्ली तर कित्येक ठिकाणी बुवाच नसतो; ‘सर’ असतात, ‘दीदी’ असतात, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असतो. मागे गेलेल्याचं सांगायचं असेल तर आपण म्हणतो: नादी लागला, कह्यात गेला, आहारी गेला. एकेक शब्द तपासून घ्या. आहारी जाणं म्हणजे दुसऱ्याचं खाद्य होणं. पगार गेला, रात्री गेल्या, मित्र गेले. ‘संपत्तीचे शोषण’ वगैरे भाषांतरी शब्दांत हे येणार आहे का?

आणि ‘नादी लागणे’! कोशवाले सांगतात, नाद म्हणजे ध्वनी, त्यावरून छंद, त्यावरून नादी लागणे. इथे माझं मत निराळं आहे आणि ते मी सोडणार नाही. हा नाद पारध्याचा आहे. कुरंग, मातंग, पतंग, भृंग, मीन असं सुभाषित आहे. पाच प्राणी, एकेका इंद्रियापायी मेलेले. हत्ती स्पर्शाने, पतंग रूपाने, भुंगा गंधाने, मासा चवीने आणि हरीण नादाने. पारधी गोड वाजवतो, हरीण कान टवकारून उभं राहतं. त्याच्या पायात दोर नाही. चारी पाय धड आहेत, रान मोकळं आहे, तरी ते हलत नाही. ‘नादी’ ही जुनी सप्तमी, घरी, दारी, भजनी यांच्यासारखी. नादाच्या ठायी लागलं ते लागलं. एक व्युत्पत्तीकार स्नेही म्हणाले, हरीण तुम्ही ओढून आणलंत. मी त्यांना एवढंच विचारलं, की मग माशाचं काय? ‘गळाला लागला’ म्हणताना मासा दिसतो ना? क्रियापद तेच, ‘लागणे’. त्याच सुभाषितातला मासा चालतो आणि हरीण का चालत नाही? अजून उत्तर आलेलं नाही.

हे हरीण मला इतकं का लागतं, ते सांगतो. ताई, ‘तो काय लहान आहे? स्वतःच्या पायाने जातो, कुणी बांधून नेलंय का?’ हे तुमच्याही घरी कुणीतरी बोललं असेल. बांधून कुणीच नेत नाही. सुरुवात गोडच असते.

पंचवटीत आमच्या जुन्या वाड्यात समोरच्या खोलीतला एक मुलगा असाच जाऊ लागला होता. दर गुरुवारी संध्याकाळी. आत जाताना मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायचा, हे त्यानेच मोठ्या कौतुकाने सांगितलं. पहिले सहा महिने तो आईशी कधी नव्हे इतका गोड वागला. मग गुरुवारचे तीन वार झाले. त्याची आई ताटावर ताट झाकून ओट्यावर बसून राहायची. मेथीची भाजी गार व्हायची, भाकरी वातड व्हायची, ती उठायची नाही. मी शब्दांचा माणूस, माझ्या कानाला वेगळंच खटकलं. तो ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ असं बोलू लागला होता. एकदा आईने कुठे होतास विचारलं, तर म्हणाला, ‘बाहेरच्यांना सांगायची परवानगी नाही.’ जिने पोटात वाढवलं ती बाहेरची. आपल्याकडे भूतबाधेला ‘बाहेरचं झालंय’ म्हणतात. त्या माउलीने मला दोन दिवसांनी विचारलं, ‘भाऊ, त्याला बाहेरचं झालंय का हो?’ मला बोलता आलं नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथे दिसतं. चळवळ नवी आहे म्हणून केलेली टीका महानुभावांवरच्या टीकेइतकीच अन्यायाची. पण आतले-बाहेरचे अशी रेघ घरातूनच ओढली, विचारणं हाच दोष ठरवला, हिशेब कुणाला दाखवायचा नाही म्हटलं, सांगणाऱ्याच्या शब्दावर शब्द चालेना झाला, की टीका होणार आणि व्हायलाच हवी. मग ती मंडळी कालची असोत की चारशे वर्षांची.

नवेपणाचंच म्हणाल तर भाच्याला आपल्याच जिल्ह्यातलं येवलं आठवायला सांगा. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी तिथे जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात. मधली एकवीस वर्षं वाचण्यात, तपासण्यात, उघड बोलण्यात गेली; विरोधकांनाही सगळं दिसत होतं. याला कुणी नादी लागणं म्हणेल? मराठीत तसं वाक्यच उभं राहत नाही. ‘दीक्षा घेतली’, असं आपण म्हणतो. वारकऱ्याने ‘माळ घातली’ असं म्हणतो. घेणारा तो, घालणारा तो. नादी मात्र माणूस ‘लागतो’. कर्तेपण कुणाच्या हातात आहे ते क्रियापदच सांगून टाकतं. आपल्या कायद्यानेही हेच केलंय: २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असो की सामाजिक बहिष्कारावरचा २०१६ चा, दोन्ही कृत्यांना हात घालतात, कुठल्या पंथाचं नाव घेत नाहीत.

तेव्हा ताई, घरात ‘कल्ट’ शब्द बंद करा. त्याने भाचा फक्त चिडेल आणि ‘बघा, बाहेरचे असेच बोलतात’ हे त्याला शिकवलेलं खरं ठरेल. ‘पंथ’ही नको. मराठीत सोडणे आणि सुटणे अशी जोडी आहे, तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे यांच्यासारखी. वाड्यातला तो मुलगा दोन वर्षांनी परत आला. ओट्यावर आईच्या शेजारी बसला आणि म्हणाला, ‘सुटलो.’ ‘सोडलं’ नाही म्हणाला. नोकरी माणूस सोडतो, गाव सोडतो, उपास सोडतो, पंथसुद्धा सोडतो. सुटतो तो सापळ्यातून.

भाच्याला निवांत वेळी, चहा देऊन, एवढंच विचारा, की तुमच्यातला कुणी यायचा थांबला तर तुम्ही त्याच्याबद्दल काय म्हणता? ‘त्याने सोडलं’ म्हणता, ‘तो गळला’ म्हणता, ‘तो पडला’ म्हणता, की त्याचं नावच घेत नाही? तो कुठलं क्रियापद वापरतो, ते मला जरूर कळवा.