फॉर्म भरण्याआधी कागद बघा

मॅडम, यंदा बारावीच्या पोरांचे इंजिनीअरिंग प्रवेशाचे फॉर्म तुम्ही बघणार, तर कॉलेजच्या गप्पा नंतर, आधी कागद. आरक्षणातून प्रवेश घेणाऱ्यांची जात पडताळणी अकरावीतच दाखल करायला लावा. सीईटी या प्रवेश परीक्षेच्या निकालानंतर पळापळ करून हाती काही लागत नाही. मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून स्पेलिंग जुळवा. सूर्यवंशी एकीकडे 'व्ही'ने, दुसरीकडे 'डब्ल्यू'ने, हे ठरलेलंच!

सांगलीत ज्याला त्याला पसंतीच्या यादीत पहिलं इथलं वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजच लिहायचं असतं. लिहू द्या की, खालच्या पसंतीचं त्यानं काही बिघडत नाही. पण प्रवेशाच्या पहिल्याच फेरीत पहिली पसंती लागली तर ती घ्यावीच लागते, म्हणून शाखा पोराला विचारून टाका, मामाला नव्हे. आणि फॉर्मवर नंबर पोराच्या घरचा, कॅफेवाल्याचा नको. ओटीपी त्यावरच येतो.