दुपारी तीनला दिवेलागण

प्रश्न : ताई, लग्न होऊन ऑगस्टमध्ये एस्पोला आले. नवरा आयटीत आहे, मला अजून नोकरी नाही. आले तेव्हा रात्री नऊलाही लख्ख उजेड असायचा. आता नोव्हेंबर संपत आला आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही. अकराला उठते, जेवणं आवरेपर्यंत अंधारायला लागतं. तीनच्या सुमारास उगाच रडू येतं. मग आईला फोन लावते, तासभर बोलते, आणि ठेवला की आणखी वाईट वाटतं. नवरा म्हणतो, होईल सवय. थंडीचं काही नाही, पण हा काळोख सोसवत नाही. मोठे उपाय नकोत, रोज घरच्या घरी जमेल असं सांगा.
— एक वाचक, एस्पो, फिनलंड

उत्तर : सवयीची वाट बघू नकोस. इथे जन्मलेल्यांनाही ती झालेली नाही. नोव्हेंबरात सकाळच्या ट्राममधली तोंडं एकदा बघ, म्हणजे कळेल.

आधी फोनचं बोलू, कारण माझ्या मते गोम तिथे आहे. हिवाळ्यात आपलं घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे. तू तीनला फोन लावतेस तेव्हा आईकडे साडेसहा झालेले असतात. देवापाशी दिवा लागलेला, कुकरच्या शिट्ट्या, खाली पोरांचा दंगा. ते सगळं तुला मागून ऐकू येतं. आणि तुझ्याकडे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे दहा! घर निजलेलं, फोन मुका, आणि तुझी अख्खी संध्याकाळ अजून शिल्लक. या वेळेला मी पोरकी वेळ म्हणायचे. तेव्हा आईचा फोन सकाळवर ढकल. इथे आठ म्हणजे तिकडे साडेअकरा, आईची सकाळची गडबड संपलेली. आठला फोन ठरला की आठला उठणं आलं, नाहीतर ती तिकडून रागावेल. शिवाय डिसेंबरात इथे नऊ-सव्वानऊपर्यंत सूर्य उगवत नाही. चहाचा कप आणि आईचा आवाज यांची गरज त्या मिट्ट काळोखात जास्त असते.

मग बाहेर पड. मी निवृत्त होईपर्यंत हेलसिंकीतल्या एका पाळणाघरात काम केलं. तिथे मुलांना रोज बाहेर काढतात, पाऊस असो, चिखल असो, बर्फ असो. तान्ही बाळं तर गुंडाळून बाबागाडीत बाहेर थंडीतच निजवतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, ही माणसं पोरं मारणार. एकही मेलं नाही. उलट गाल लाल करून आत यायची आणि ताटलीतलं सगळं संपवायची. तुझं बाहेर पडणं अकरा ते एकच्या मधे झालं पाहिजे, मग आभाळ कितीही भरलेलं असो. ढगाळ दुपारचा उजेडही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, आणि तो डोळ्यांत जावा म्हणूनच जायचं. नाक्यावरून दूध घेऊन आलीस तरी चालेल. चिखलात घालायची रबरी विजार जुन्या वस्तूंच्या दुकानात, किर्पुतोरीत, स्वस्तात मिळते. कोटाला हेइयास्तिन लाव, ती चमकणारी टिकली. दोरी लांब ठेवून गुडघ्याच्या उंचीवर लोंबती ठेव, कारण गाडीचा दिवा तिथे पडतो. काळोखात ती लावल्याशिवाय चालू नकोस. आपल्याकडच्या मुलींना ती शोभेची वाटते म्हणून मुद्दाम सांगते.

आता तीन वाजताचं रडू. रडू येतं त्या वेळी हाताला काम असलं पाहिजे. माझ्या घरी दिवेलागण पावणेतीनला होते, बाहेर उजेड असतानाच. काळोख दारात यायच्या आधी घर उजळलेलं हवं, एवढाच माझा हट्ट. छताचा मोठा दिवा मी लावत नाही. कोपऱ्याकोपऱ्यात छोटे पिवळे दिवे, देवापाशी निरांजन, जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती. दिवाळीचा आकाशकंदील उतरवला असशील तर पुन्हा खिडकीत टांग. ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, लागला की इथे खिडक्याखिडक्यांतून कागदी तारे लागतात, त्यात आपला कंदील अगदी शोभून दिसतो. वरच्या मजल्यावरची आजी जिन्यात थांबवून विचारेल, कुठे मिळतो? ओळख व्हायला तेवढं पुरतं. ६ डिसेंबरला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी सहाला खिडकीत दोन मेणबत्त्या लावायची रीत आहे. तूही लाव.

पारा शून्याच्या बराच खाली गेला की आम्ही मुलांकडून एक गोष्ट करून घ्यायचो. बादलीत पाणी भरून रात्री बाल्कनीत ठेवायची. कडेने दोन बोटं बर्फ धरला आणि मध्ये पाणी पातळच असलं की बादली उलटी करायची, आतलं पाणी ओतून द्यायचं, पोकळीत मेणबत्ती ठेवायची. बर्फाचा कंदील तयार. बादली सुटत नसेल तर बाहेरून कोमट पाणी ओत. प्लास्टिकचीच घे, आणि सकाळी उठायला उशीर करू नकोस, नाहीतर गोळा गोठून बसतो. बघ, लवकर उठायला हेही एक निमित्त.

तीनला ओव्हनही लाव. इथल्या बेकरीत शिरल्यावर ओळखीचा वास येतो ना? तो वेलचीचाच. पुल्ला नावाच्या गोड पावात ही माणसं वेलची घालतात, पूड करून नाही, जाडसर भरडून. दाताखाली कण आला की छान लागतं. मी तर आता शिऱ्यातही तशीच घालते. एकला कणीक भिजवून ठेवलीस की तीनला ती फुगलेली असते. रडत रडत मळलीस तरी हरकत नाही, चांगली मळून निघते.

सौनाबद्दल, म्हणजे इथल्या तापवलेल्या वाफेच्या खोलीबद्दल, तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे लाजत असणार. छप्पन लाखांवर माणसांच्या या देशात तीसेक लाख सौना आहेत, तुमच्या इमारतीतही तळघरात किंवा वरच्या मजल्यावर एखादी असेलच. आठवड्यातला एक तास आपल्या घरासाठी राखून घेता येतो, थोडं भाडं पडतं. नवरा-बायको दोघंच जा, कुणी तिसरं येत नाही. सार्वजनिक ठिकाणी बायकांची वेळ किंवा खोली बहुधा वेगळी असते, आणि तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. आधी अंग धुवायचं, बसायच्या फळीवर टॉवेल घालायचा, पहिल्यांदा खालच्या फळीवर बसायचं. तापलेल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं की वाफेची लाट कानांवर येते. ती सोसवेना तर बाहेर ये, पाणी पी, परत जा. शौर्य दाखवायचं नाही. नंतर घरी येऊन मऊ भात आणि मेतकूट खा आणि झोप. हिवाळ्यातली माझी सर्वांत चांगली झोप सौनाच्या रात्रीची.

आणि ती साडेसहानंतरची पोरकी वेळ घरात काढू नकोस. एस्पोत लेप्पावाराला सेल्लो मॉलमध्ये मोठं ग्रंथालय आहे, मातिनक्युलाला इसो ओमेनात दुसरं. संध्याकाळी उघडी असतात, ऊब असते, पैसे लागत नाहीत. ग्रंथालयांत फिनिश शिकणाऱ्यांचे गप्पांचे गट भरतात, तिथे तुझ्यासारख्याच दहा देशांच्या बायका भेटतील. हेलसिंकीत संसदेसमोरच्या ओदी ग्रंथालयात शिवणयंत्रंसुद्धा वापरायला मिळतात. मी तिथे परकराला नाडीचा नेफा घालत बसले होते. शेजारचा पोरगा शाळेच्या नाटकासाठी राक्षसाचा अंगरखा शिवत होता.

एक मात्र नीट ऐक. एवढं करूनही दोनेक आठवडे रोज रडू येत राहिलं, भूक-झोप बिघडली, कशातच मन लागेना, तर ‘हिवाळा आहे’ म्हणून बसू नकोस. आरोग्य केंद्रात, तेर्वेउसआसेमावर, वेळ घेऊन जा आणि जे मला लिहिलंस तेच तिथे सांग. जगूच नये असं मनात आलं तर वेळेबिळेची वाट न बघता ११२ ला फोन कर. आणि नवऱ्याला हे पत्र वाचायला दे.

प्रश्न : तुमच्या सदरात परदेशच्या हिवाळ्याचं फार रडगाणं असतं. आमच्या निफाडला पारा चार-पाचावर उतरतो, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. आम्ही कधी मेणबत्त्या लावून बसलो नाही.
— एक बागाईतदार, निफाड

उत्तर : काका, थंडीत तुम्ही आमच्यापेक्षा जास्त कुडकुडता हे मान्यच. आमच्या घरात २१ अंश असतात, खिडक्यांना तिहेरी काचा. पण निफाडचा सगळ्यांत लहान दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो. हेलसिंकीचा पावणेसहा तासांचा, तोही ढगांच्या आड. देशाच्या अगदी उत्तरेला, उत्सयोकीला, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वर येतच नाही. उलट पारा उणे पंधरावर गेला की आम्हाला हायसं वाटतं. आभाळ निवळतं, जमिनीवर बर्फ असतो आणि रस्त्याच्या एका दिव्याचा उजेड त्यावरून उसळून सगळीकडे पसरतो. वाईट असतो तो बर्फ पडायच्या आधीचा ओला, काळा नोव्हेंबर. शेकोटीभोवती तुम्ही चारजण बसून गप्पा मारता ना? त्यासाठीच आमची मेणबत्ती.

प्रश्न : मी फिनलंडमध्ये औलूला एमएस करतोय. मित्र म्हणतो उजेडाचा दिवा घे, व्हिटॅमिन डी घे. दिवा महाग आहे. खरंच उपयोग होतो का?
— एक विद्यार्थी

उत्तर : होतो, पण नीट वापरलास तर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात औलूला दिवस साडेतीन तासांचा असतो, आणि तो तुझा वर्गात जाणार. दिवा १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) बघ आणि किती अंतरावरून १०,००० ते खोक्यावर वाच. काही दिव्यांपुढे नाक टेकवून बसावं लागतं, ते नकोत. सकाळी उठल्यावर अर्धा तास टेबलावर बाजूला ठेवायचा, समोर पोहे आणि पुस्तक. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. संध्याकाळी लावलास तर रात्रभर टक्क जागा राहशील. डोळ्यांचा आजार असेल किंवा मनाच्या चढउतारांवर औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचार. विकत घेण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी कर, कुठे कुठे असे दिवे वाचनकक्षात ठेवलेले असतात.

व्हिटॅमिन डीचं काम वेगळं, ते हाडांसाठी. इतक्या उत्तरेला हिवाळ्याच्या उन्हातून ते मिळत नाही, आणि आपली सावळी कातडी उन्हाळ्यातही ते सावकाशच बनवते. इथल्या दुधात ते घातलेलं असतं. दूध-मासे खात नसशील तर मोठ्या माणसाला रोज १० मायक्रोग्रॅम सांगतात. औषधाच्या दुकानात विचारून घे. मित्र म्हणाला म्हणून दहापट घेऊ नकोस. डीमुळे मन आनंदी होईल ही आशा मात्र धरू नकोस, त्यासाठी शुक्रवारी वसतिगृहाच्या सौनात जा.

प्रश्न : मुलगा फिनलंडमध्ये ताम्पेरेला आहे. फोनवर आवाज उतरलेला वाटतो. दोन स्वेटर, मफलर, साजूक तूप, पेढे आणि डिंकाचे लाडू पाठवायचं मनात आहे. पोचेल ना?
— एक आई, कऱ्हाड

उत्तर : ताई, तूप आणि पेढे राहू द्या. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ टपालाने पाठवायला बंदी आहे, कस्टममध्ये काढून टाकतील. डिंकाचे लाडूही तुपातलेच, तेव्हा ते नकोत. नुसता डिंक, खारीक आणि सुंठ पाठवा आणि कृती फोनवर सांगा. लोणी तिकडे उत्तम मिळतं, तो तूप स्वतः कढवेल. लाडू वळताना तुम्ही फोनवर असलात तर त्याची एक संध्याकाळ मार्गी लागते. फक्त वेळ त्याची चार-पाच धरा, म्हणजे तुमची साडेसात-साडेआठ.

स्वेटरही नकोत. घरं आतून इतकी उबदार असतात की पोरं अर्ध्या चड्डीत बसतात, आणि बाहेरचे कपडे तिथलेच लागतात. त्यापेक्षा तुमच्या जुन्या सुती साडीची एक हलकी गोधडी पाठवा. उबेची गरज नाही, तरी पाठवा.

पार्सल संक्रांतीच्या बेताने पोचेल असं बघा. नाताळ संपला की तिथले दिवे-तारे उतरतात, मित्र आपापल्या गावांहून परतलेले नसतात, आणि जानेवारी लांबच लांब वाटतो. आपण म्हणतो, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. तिथे तोवर चांगला पाऊण तास वाढलेला असतो, फेब्रुवारीत तर रोज पाचेक मिनिटांची भर पडते. तिळगूळ पाठवा, तुपाचा हात न लावता. पाच-सहा जास्तीचे घाला, प्रयोगशाळेत वाटायला. त्याला हेही सांगा की पिस्पालात रायापोर्त्ती नावाची १९०६ सालची सार्वजनिक सौना आहे, त्याच्याच गावात. गेला नसेल तर तिळगूळ घेऊन जाऊ दे.

भेटवस्तूची किंमत ४५ युरोच्या आत ठेवा, म्हणजे कर पडणार नाही. खोक्यावर आत काय काय आहे ते इंग्रजीत एकेक करून लिहा. डिंकापुढे ‘खायचा’ असं आवर्जून लिहा. नुसतं ‘घरगुती खाऊ’ लिहिलंत तर कस्टमवाले तुमच्या मुलालाच विचारतील, आणि डिंक म्हणजे काय हे त्याला सांगता यायचं नाही.