पोहण्याची आवड आहे, की पोहणाऱ्यांची?

मालवण तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून सार देतो. लेक बारावी सायन्सला, वय सतरा. लहानपणापासून खाडीत पोहलेली, डिसेंबरात चिवला बीचवर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत नेमाने उतरणारी. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून काही हौशी मंडळी समुद्रात पोहायला आली होती. काकांची होडी सोबतीला ठेवून या मुलीने त्यांना किनाऱ्याकिनाऱ्याने पोहत नेलं आणि परत आणलं. जाताना त्यांनी तिच्या हातावर पैसे ठेवले आणि ‘तू आमची गाइड’ म्हणाले. तेव्हापासून लेकीचा एकच धोशा: ओपन वॉटर स्विमिंग गाइडच (खुल्या समुद्रात पोहणाऱ्यांना सांभाळून नेणारी) व्हायचं, सीईटीबिईटी देणार नाही. वडिलांचं म्हणणं, समुद्रावर पोट भरतं ते मासळीने, पोहण्याचे पैसे कोण देतो? आणि आईचा प्रश्न असा, की यात खरंच काही करिअर आहे का, की हौस हौसेच्या जागी ठेव म्हणून सांगू?

ताई,

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदी रास्त आहे. पोहण्याचे पैसे कोणी देत नाही, गाइडलाही देत नाही. गाइडला पैसे मिळतात ते दुसऱ्याला निर्धास्तपणे पोहू देण्याचे आणि जितकी डोकी पाण्यात उतरली तितकी बाहेर आणण्याचे. हे काम करताना स्वतःचं पोहणं जवळजवळ बंद होतं. म्हणून ‘पैसे मिळतील का’ या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी तिला दुसऱ्याचं पोहणं बघत बसायला आवडेल का, ते बघू.

गाइडचा दिवस कसा असतो ते सांगतो. पहाटे वारा आणि पाणी बघायचं. आलेल्या लोकांचे वेगाप्रमाणे गट पाडायचे, प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाची टोपी द्यायची, म्हणजे लाटांत लांबूनही ओळख पटते. कुठून उतरायचं, कुठे वळायचं, दम लागला तर हात कसा वर करायचा, हे समजावून सांगायचं. मग लोक पोहणार आणि गाइड होडीत, नाहीतर कयाकवर. पाण्यात असलाच तर गटातल्या सगळ्यात सावकाश माणसाच्या बरोबरीने, मान वर काढून, दर दोन मिनिटांनी टोप्या मोजत. तुमच्या लेकीसारख्या जोरात पोहणाऱ्या मुलीला हे आधी फार जड जातं. स्पर्धेत मागे राहिलेल्याकडे वळून बघायचं नसतं, इथे नजर मागच्यावरच ठेवायची असते.

लांब पल्ल्याच्या पोहण्यात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे साधारण ३६ किलोमीटर, डोव्हरपासून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंतची इंग्लिश खाडी सरळ रेषेत ३३च्या आसपास. पोहणारा पाण्यात दहा-पंधरा तास, आणि होडीवर एक माणूस घड्याळ आणि वही घेऊन बसलेला. दर अर्ध्या तासाने तो मिनिटाला हात किती पडतात ते मोजतो आणि लिहितो. चौसष्ट, चौसष्ट, त्रेसष्ट. मग एकदम सत्तावन्न. पोहणाऱ्याला स्वतःला वाटत असतं की आपण मजेत चाललोय, पण वही सांगते की अंग गारठायला लागलंय. मग दोरी बांधलेली बाटली पाण्यात सोडायची, कारण पोहणाऱ्याने होडीला हात लावला की पोहणं बाद. तो पीत असताना सहज विचारायचं, तुझ्या भावाचं नाव काय रे? उत्तराला वेळ लागला, जीभ जड वाटली, पाणी कापताना बोटं फाकलेली दिसली, तर निर्णय घ्यायचा. तो हात जोडेल, रडेल, शिव्या घालेल, ‘किनारा दिसतोय’ म्हणेल. तरी त्याला वर घ्यायचं. हे ज्याला जमतं तो गाइड. पदकं किती आहेत याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आरती साहा यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशियातली पहिली महिला. पण त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, हे फार जणांना ठाऊक नसतं. २७ ऑगस्ट १९५९ ला त्या तयार होत्या, पण वाट दाखवणारी बोट चाळीस मिनिटं उशिरा आली. पाण्याची अनुकूल वेळ हुकली. कित्येक तास पोहून इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला तेव्हा उलटा प्रवाह लागला, आणि त्यांना बाहेर यावं लागलं. महिनाभराने, २९ सप्टेंबरला, त्याच बाईंनी तीच खाडी १६ तास २० मिनिटांत पार केली. जलतरणपटू तीच, दम तोच. समुद्रात चाळीस मिनिटांची किंमत काय असते, हे तुमच्या दिरांना मी सांगायला नको.

आता दुसरी बाजू, जी आपल्या किनाऱ्याला जास्त लागू आहे. आपलं पाणी गार नसतं, उलट कोमट असतं, आणि कोमट पाण्याला लोक घाबरत नाहीत. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा इथे १० किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. फ्रॅन क्रिपन हा २६ वर्षांचा अमेरिकन पट्टीचा पोहणारा त्यात बुडाला. भर शर्यतीत, नावाजलेल्या खेळाडूंच्या मध्ये, आणि तो बाहेर आलेला नाही हे लक्षात आलं शर्यत संपल्यावर. पुढे आंतरराष्ट्रीय नियमात पाण्याच्या तापमानाची वरची मर्यादा आली, आज ती ३१ अंश आहे. पण मला त्यातलं खटकतं ते साधं आहे: डोकी मोजणारं कोणी नव्हतं, किंवा होतं तरी मोजत नव्हतं. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येतं, श्वास घेण्यातच सगळा जीव जातो, ओरडायला हवा उरत नाही. शेजारच्यालाही कळत नाही.

हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. यायलाच हवा. लेकीलाही हा भाग वाचायला द्या. वाचून ती गप्प झाली तर चांगलं लक्षण. ‘मला काही होत नाही, मला समुद्र माहीत आहे’ असं म्हणाली, तर अजून एक-दोन वर्षं थांबायला हवं.

समुद्र माहीत असण्याबद्दल मात्र तिच्या घरात जे आहे ते पुण्या-मुंबईच्या मुलांना कुठलीही फी भरून मिळत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, हा ठोकताळा तिच्या काकांच्या जिभेवर असणार. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीचा भांग (लहान भरती) यात पाण्याची ओढ किती बदलते, पहाटेचा मतलई (जमिनीवरून येणारा) वारा पडून खारा (समुद्रावरून येणारा) वारा कधी धरतो, ओहोटीच्या वेळी देवबागला कर्ली नदीच्या मुखासमोरून माणसं का न्यायची नाहीत, किल्ल्याभोवतीचे कोणते खडक कोणत्या पाण्याला बुडतात, हे सगळं तिने आता काकांबरोबर होडीवर बसून वहीत उतरवावं. नुसतं ‘माहीत आहे’ उपयोगाचं नाही. बाहेरगावच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, आणि त्याला भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून दाखवता आलं पाहिजे. (काकांनाही यानिमित्ताने पुतणीला शिकवायचा मान मिळेल. घरातला विरोध अशाने निम्मा होतो, असा माझा अनुभव आहे.)

आता कागदपत्रांचं. ‘ओपन वॉटर गाइड’ नावाची सरकारी पदवी आपल्याकडे नाही. हे काम चार-पाच कौशल्यं जोडून उभं करावं लागतं. पहिलं जीवरक्षकाचं प्रशिक्षण. त्यासाठी पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आहे, आणि गोव्यात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. या दुसऱ्या संस्थेत जीवरक्षणाबरोबर पॉवरबोट चालवायचाही अभ्यासक्रम असतो, आणि तो तिने करावाच. बोट हाताळता न येणारा गाइड कायम दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो. प्रथमोपचार आणि सीपीआर हे तर हवंच. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तुमच्या दारात आहे. डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखाली पाहुण्यांना नेणारी वाटाडी, झाली तर पोहण्याचे पाहुणे नसतील तेव्हाही हाताला काम राहील. यातल्या व्यावसायिक पातळीच्या बऱ्याच गोष्टींना वयाची अठरा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे बारावीचं वर्ष सोडून तिला काहीही आधी मिळणार नाही. हे तिला शांतपणे दाखवा, भांडण तिथेच मिटेल.

बारावीनंतर पदवी घ्यायचीच, यावर मी अडून बसेन. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा डिप्लोमा करायचा तर पदवी लागते. ती पोहायला शिकवूही शकली, तर वर्षभराच्या मिळकतीचा तो सगळ्यात भरवशाचा भाग ठरेल, कारण जलतरण तलाव पावसाळ्यातही चालू असतात. कोणती पदवी? सायन्स आहे, तर रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय बघा. चार वर्षांची बीएफएससी, प्रवेश सीईटीतून. मच्छीमार घरातली, समुद्राचं वेड असलेली मुलगी तिथे रमेल, आणि उद्या गाइडचं काम जमलं नाही तरी पदवी वाया जात नाही. ते नको असेल तर जवळच्या कॉलेजात बीएस्सी आणि सुट्टीत एकेक प्रशिक्षण. पण सीईटीचा फॉर्म भरू दे. परीक्षा दिली म्हणून कॉलेजात जावंच लागतं असं नाही, न देता मात्र दार बंद होतं.

पैशाचं स्पष्ट बोलतो. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात. सप्टेंबरात समुद्र अजून खवळलेला असतो, खरा सीझन दिवाळीनंतर. वर्षातले सहा-सात महिने काम आणि बाकीचे महिने दुसरं काहीतरी, हा हिशेब धरूनच चालायचं. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या नेमणुका बहुतेक कंत्राटी असतात. गोव्यात २००८ पासून दृष्टी मरीन ही खासगी कंपनी किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमते, तिथे नियमित ड्युटी आणि सराव मिळतो. दोन वर्षं असं काम केलेल्या मुलीचं बोलणं-वागणंच बदलतं. नुसत्या समुद्रात पोहण्याच्या सहली घडवून आणणं हा व्यवसाय ब्रिटनमध्ये चांगला रुळलाय. तिथली स्विमट्रेक ही कंपनी २००३ पासून ग्रीसच्या बेटांसारख्या ठिकाणी गाइडसोबत लोकांना पोहायला नेते. आपल्याकडे ही बाजारपेठ लहान आहे, पण वाढते आहे: पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ साली ‘ओशन्स सेव्हन’, म्हणजे जगभरातल्या सात अवघड सामुद्रधुन्या, पोहून पूर्ण केल्या, आशियातला पहिला, आणि शहरातली कमावती माणसं तलाव सोडून समुद्राकडे यायला लागली. त्यांना किनारा माहीत नाही. तुमच्या लेकीला माहीत आहे. गिऱ्हाईक तिच्या गावात चालत आलंय, हे मिस्टरांना सांगा.

फक्त आत्ता ती जे करतेय, ते लगेच थांबवा. सतरा वर्षांची मुलगी, प्रशिक्षण नाही, विमा नाही, आणि पैसे घेऊन माणसं समुद्रात नेतेय. काही झालं तर जबाबदारी तुमच्यावर आणि होडीच्या मालकावर येईल. काकांनीही परवान्याचं आणि विम्याचं मेरीटाइम बोर्डाच्या कार्यालयात जाऊन नीट विचारून घ्यावं, पर्यटक बसवण्याचे नियम मासेमारीपेक्षा वेगळे आहेत.

आणि येत्या डिसेंबरात एक गोष्ट करून बघा. चिवल्याच्या स्पर्धेत या वर्षी तिने नाव घालू नये. आयोजकांना भेटून बचाव बोटीवर किंवा किनाऱ्यावर नोंदी घ्यायला मदतनीस म्हणून उभं राहू द्यावं. दिवसभर उन्हात, स्वतः कोरडी, शेवटचा स्पर्धक बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी घरी आल्यावर ती काय सांगते ते ऐका, मध्ये बोलू नका. ‘मी असते तर पहिली आले असते’ असं सुरू झालं, तर तिला स्पर्धक म्हणून वाढवा, चांगला प्रशिक्षक शोधा, गाइडचं नंतर. पण कुठली मुलगी तिसऱ्या बोयाजवळ (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेजवळ) वाट चुकली, कोणाचा श्वास बिघडला होता, कोणाला वेळेत वर घेतलं, हे सांगत बसली, तर मला पुन्हा पत्र लिहा. सोबत तिचे दहावीचे गुण आणि अठरा पूर्ण होण्याची तारीख कळवा, म्हणजे कोणतं प्रशिक्षण कोणत्या सुट्टीत बसवायचं ते ठरवू.