द्राक्षं नासतात, खोली बुडते

प्रश्न : मी नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट शिकते. आमच्या मराठी नोट्समध्ये 'सेवा नाशवंत असते' असं वाक्य आहे. घरी द्राक्षबाग असल्यामुळे नाशवंत म्हटलं की मला क्रेटच दिसतात. हॉटेलची खोली नाशवंत कशी? शब्द चुकलाय का?

उत्तर : शब्द अगदीच चुकीचा नाही, पण चुकीच्या ठिकाणी बसलाय. संस्कृतात 'नश्' म्हणजे नाहीसं होणं, हरवणं. तो अर्थ धरला तर वाक्य चालून जातं. मराठीत मात्र या धातूला कुजकट वास लागला. दूध नासतं, भाजी नासते, आणि 'नाशवंत माल' लिहिलेली गाडी पुढे सोडतात. कीर्तनातला देहसुद्धा नाशवंतच. या सगळ्यांत आधी काहीतरी हातात असतं, मग ते खराब होतं.

खोलीचं तसं नाही. १०२ नंबरची खोली उद्याही तिथेच आहे, चादर तशीच पांढरी. गेली ती कालची रात्र. तुमच्या बागेतली द्राक्षं भाव पडला तर शीतगृहात ठेवता येतात, अगदीच नाही जमलं तर बेदाणा करता येतो. कालच्या रात्रीचा बेदाणा होत नाही! एखाद्या आडवारी रिकाम्या राहिलेल्या चार खोल्या सिंहस्थाच्या गर्दीत बाहेर काढता आल्या असत्या, तर पंचवटीतल्या लॉजवाल्यांना दुसरं काय हवं होतं?

मग शब्द कोणता? माझं मत 'बुडणे'. आपण हा शब्द नेमका याच जातीच्या नुकसानीला वापरतो. शाळा बुडते, तास बुडतो, मजुरी बुडते, भाडं बुडतं. यातली एकही गोष्ट सडत नाही, वेळ टळली की संपते. 'दिवस बुडाला' याचे तर दोन्ही अर्थ होतात, सूर्य मावळला आणि रोज गेला. लॉजच्या काउंटरवर उभं राहून ऐका, 'खोली नाश पावली' असं कोणी म्हणत नाही. 'दोन खोल्या रिकाम्या गेल्या' म्हणतात, आणि मालक हिशेबाला बसला की 'दोन खोल्यांचं भाडं बुडालं'. रात्री साडेदहानंतर दारात आलेल्या गिऱ्हाइकाला दर उतरवून खोली देतात तीही याच धास्तीने. परीक्षेत मात्र 'सेवा साठवता येत नाही, वेळ गेली की बुडते' असं लिहावं. 'असंचयनीयता' वगैरे घडवायला जाऊ नये, तो शब्द तपासणाऱ्यालाही दोनदा वाचावा लागेल.

जाता जाता एक गंमत. 'सेवा' आणि 'सेवन' एकाच 'सेव्' धातूचे. एक देणाऱ्याकडून, दुसरं घेणाऱ्याकडून. तुमच्या नोट्समध्ये 'सेवेची निर्मिती आणि उपभोग एकाच वेळी होतो' असं वाक्य असणारच, ते या दोन शब्दांत आधीपासून आहे. पांडवलेण्यांत गाइड माहिती सांगत असतो त्याच क्षणी तुम्ही ती घेत असता. माणूस गप्प झाला की मालही संपला.

वस्तू कुठे संपते आणि सेवा कुठे सुरू होते, हे कायद्यालाही सरळ सांगता आलेलं नाही. २०१७ पासूनच्या जीएसटी कायद्यात सेवा म्हणजे वस्तू, पैसा आणि रोखे सोडून बाकी काहीही! शिवाय हॉटेलात बसून खाल्लेलं अन्न तिथे सेवेत धरतात. म्हणजे फरसाणाचं पाकीट दुकानातून घरी नेलं तर वस्तू, आणि तेच फरसाण मिसळीवर पडून, रश्शासकट टेबलावर आलं की सेवा. पाव मऊ पडले तर तक्रार वस्तूची करायची की सेवेची, हे सरांना विचारून बघा.