गोव्यात हॉस्टेल ठरवताना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात गोव्याला एकटीने जायला घरून होकार मिळाला, हे वाचून फार आनंद झाला. 'हॉस्टेल' म्हटलं की आईला कॉलेजचं वसतिगृहच आठवतं, असं लिहिलंयस. तिला सांग, प्रवाशांच्या हॉस्टेलची सुरुवात एका शाळामास्तरांनी केली. जर्मनीतले रिचर्ड शिरमान मुलांना पायी सहलींना न्यायचे. मुक्कामाला स्वस्त आणि सुरक्षित जागा हवी, म्हणून त्यांनी १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात ती सोय केली. अशा हॉस्टेलात पूर्ण खोलीऐवजी खोलीतला एक बेड घेता येतो.

आता तुझ्या यादीबद्दल. सगळी हॉस्टेलं तू भाड्याच्या क्रमाने लावली आहेस. तो क्रम आधी मोड आणि नकाशा उघड. उत्तरेतल्या हरमलपासून दक्षिणेतल्या पाळोळेपर्यंत जायला अर्धा दिवस मोडतो. हणजूण-वागातोरला राहायचं तर रेल्वेने थिवी स्टेशनला उतरायचं, पणजीसाठी करमळी सोयीचं आणि पाळोळेसाठी काणकोण. थिवीहून हणजूण वीसेक किलोमीटर. म्हापशापर्यंत बस मिळते, तिथून दुसरी. रात्री बस नसली की टॅक्सीवाला सांगेल ते द्यावं लागतं. बेडवर वाचवलेले दीडशे रुपये त्या एका फेरीत जातात, म्हणून येण्याजाण्याचा खर्च भाड्यात मिळवूनच तुलना कर. 'बीचपासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं तेही तपासून घे. ती पाच मिनिटं बहुतेकदा स्कूटरवरची असतात. स्कूटर भाड्याने घेतलीस तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घे, आणि लायसन्स जवळ ठेव.

मला विचारशील तर पहिले दोन दिवस पणजीत राहा. फोन्ताइन्हास या जुन्या वस्तीतल्या घरांमधून पायी हिंडता येतं, कदंब बसचा स्टँड जवळ आहे, आणि संध्याकाळी एकटीने परत येताना रस्त्यावर माणसं असतात. नंतर समुद्राकाठी जा. वागातोर-हणजूणकडे रात्री मोठ्याने गाणी चालतात. तुला ते हवं असेल तर खुशाल जा, पण सकाळी लवकर उठून फिरायचं असेल तर तिथे झोपेचं खोबरं होईल.

जागा ठरली की फोटो बघ, पण हॉस्टेलने टाकलेले कमी आणि पाहुण्यांनी टाकलेले जास्त. बेडचा फोटो मोठा करून नीट बघ. पडदा आहे का? उशाशी प्लग आणि दिवा आहे का? वरच्या बेडला कठडा किती उंच आहे? लॉकरमध्ये सॅक मावेल की नुसती पर्स? बहुतेक ठिकाणी कुलूप आपलं न्यावं लागतं, म्हणून एक लहान कुलूप आत्ताच घेऊन ठेव. बाथरूम डॉर्मच्या, म्हणजे अनेक बेड असलेल्या खोलीच्या, आत आहे की जिन्याखाली, हे मुलींच्या डॉर्मसाठी फार महत्त्वाचं.

अभिप्राय नव्यापासून वाच. मालक किंवा मॅनेजर बदलला की दोन महिन्यांत जागेची रया जाते, आणि वरचा सरासरी आकडा मात्र तसाच राहतो. पाच ताऱ्यांचे 'मस्त जागा, मस्त लोक' सोडून दे. तीन तारे देणारा माणूस सहसा खरं सांगतो: पाणी सकाळी गार असतं, एसी फक्त रात्री लावतात, रिसेप्शनवर अकरानंतर कोणी नसतं. एकट्या राहिलेल्या मुलींनी काय लिहिलंय ते वेगळं शोधून वाच. कर्मचाऱ्यांबद्दल दोन मुलींनी एकच तक्रार केली असेल, तर ती जागा यादीतून काढ. भाडं कितीही कमी असो, तिथे दुसरा विचार नको.

मग फोन कर. नंबर हॉस्टेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचाच घे. नकाशावर खोटे नंबर टाकून यूपीआयने आगाऊ पैसे उकळणारे आहेत. फोनवर विचार: रात्री रिसेप्शनवर कोण असतं, मुलींचा डॉर्म खरंच वेगळा आहे ना, खालचा बेड मिळेल का, कर धरून एकूण किती. थेट बुकिंगला दर कमी आहे का, हेही संकोच न करता विचार. जो माणूस या प्रश्नांची उत्तरं टाळतो, तो तू तिथे गेल्यावरही टाळेल.

पैसे भरताना रद्द करण्याचा नियम शब्दन्‌शब्द वाच. परत न मिळणारा दर थोडा स्वस्त असतो, पण तुझं तिकीट अजून वेटिंगवर आहे. ते कन्फर्म होईपर्यंत फुकट रद्द करता येणारंच बुकिंग घे, आणि तेही आधी दोनच रात्रींचं. जागा आवडली तर तिथेच वाढवता येतं. अपवाद नाताळ ते नवीन वर्ष. त्या आठवड्यात दर भडकतात आणि बेड शिल्लक राहत नाहीत, त्यामुळे जमलं तर वीस तारखेच्या आत परत ये.

कोकणकन्या एक्सप्रेस सकाळी पोचवते आणि चेक-इन बहुधा दुपारी असतं. सामान आधी ठेवू देतील का, हे विचारून घे. आधार कार्ड मूळ ने. पॅन कार्डावर पत्ता नसतो, ते चालत नाही. तुझी म्हापशाची मैत्रीण सोबत राहणार म्हणतेस, तिला मात्र अडचण येऊ शकते. कित्येक हॉस्टेलं स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र असलेल्यांना बेड देत नाहीत. तिचं आधीच विचारून ठेव, दारात वाद नको.

यादी पुन्हा लावून तीन नावं मला पाठव, रविवारी फोनवर बोलू. बुकिंग झालं की पत्ता आणि रिसेप्शनचा नंबर आईला कागदावर लिहून दे, तिला मोबाइलमध्ये शोधायला लावू नकोस.

तुझी,
ताई