नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही

ताई, तुमच्या पत्रात रॅकबद्दल तीन पाने आहेत आणि अपघाताची तारीख शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. मी त्या तारखेपासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४. कुपवाडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तुमचे यजमान बेदाण्याची खोकी लावत होते. मागे येणारी फोर्कलिफ्ट रॅकच्या खांबाला लागली, वरचे दोन कप्पे मालासकट कोसळले आणि त्यांचे उजवे पाऊल चेंगरले. दीड महिन्याने ठेकेदाराने ७५ हजार रुपये दिले आणि ‘यापुढे कसलीही मागणी करणार नाही’ असे शंभराच्या स्टॅम्पवर लिहून सही घेतली. ‘मोठे साहेब बघणार आहेत’ या शब्दावर तुम्ही दोन दिवाळ्या थांबलात. गेल्या ऑक्टोबरात वकिलामार्फत नोटीस पाठवली, तिला उत्तर नाही. तुमचा प्रश्न असा, की स्टॅम्पवर सही झाली आहे, तर आता हात बांधले गेले का? मिरज, तासगाव, कराडकडून अशाच आशयाची पत्रे मला सतत येतात आणि प्रत्येकाला त्या स्टॅम्पचीच भीती असते.

भीती स्टॅम्पची नको, कॅलेंडरची हवी. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या कलम १० प्रमाणे दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत, अशा दाव्यांचा निवाडा करणाऱ्या भरपाई आयुक्तांपुढे दाखल व्हावा लागतो. दाखल, हा शब्द नीट वाचा. ऑक्टोबरातल्या नोटिशीने ही मुदत एका दिवसानेही पुढे सरकलेली नाही. ठेकेदाराला केलेल्या फोनने नाही, पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारअर्जानेही नाही. तुमचे पत्र ९ जानेवारी २०२६ चे आहे, म्हणजे हातात जेमतेम महिना उरला आहे. पुरेसे कारण दाखवले तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, हे खरे. पण मुदत संपल्यावर कारणे मांडत बसणे आणि मुदतीत अर्ज देणे यात काही वेळा दोन-तीन वर्षांचा फरक पडतो. मालकाच्या वकिलाला पहिला मुद्दा आयता मिळतो आणि पायाची गोष्ट निघायच्या आधी उशिरावरच तारखा पडत राहतात. तुम्ही ऑक्टोबरातच अर्ज करायला हवा होता. नोटीस देऊन तीन महिने गप्प राहण्याचा सल्ला कोणी दिला असेल, तर तो चुकीचा होता. आता प्रजासत्ताक दिनाच्या आधी अर्ज दाखल करा. ११ फेब्रुवारीपर्यंत थांबू नका. एखादा कागद कमी असला तरी अर्ज द्या, कागद मागून जोडता येतात.

अर्ज यजमानांच्या नावाने आणि त्यांच्याच सहीने द्यायचा, तुमच्या नाही. विरुद्ध पक्षात ठेकेदार आणि कोल्ड स्टोरेजचा मालक दोघेही घाला. ‘तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे’ हे मालकाचे नेहमीचे उत्तर असते, पण धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदाराकडून करून घेतले तरी कलम १२ मालकालाही जबाबदार धरते. विमा असेल तर विमा कंपनीही घाला.

आता तो स्टॅम्प. भरपाईचा हक्क सोडणारा करार कलम १७ प्रमाणे तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. एकरकमी तडजोड झाली, तर तिचे टिपण आयुक्तांकडे नोंदणीसाठी पाठवणे कलम २८ खाली मालकाच्या बाजूचे काम आहे. तुमच्या पत्रावरून ते पाठवलेले दिसत नाही. तसे असेल तर कलम २९ लागू होते. मग पूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहते आणि दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त वजावट, आयुक्तांनी वेगळे सांगितले नाही तर, घेता येत नाही. म्हणजे ७५ हजारांतले साडेसदतीस हजारच वळते होतील. ते पैसे घेतले म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, आणि अर्जात ते लपवूही नका.

यजमानांचे वय अपघाताच्या वेळी ३५ होते आणि पगार १६,५०० रुपये. हिशेबात महिन्याचे वेतन १५ हजारांच्या वर धरत नाहीत, ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून आहे. त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्यातल्या तक्त्यात पस्तिशीच्या वयाचा गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४० रुपये येतो, आणि कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितका त्यातला भाग मिळतो. तुमच्याकडच्या दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व लिहिले आहे. तेच धरले तर ७,०९,४१६ रुपये होतात. पण शरीराचे अपंगत्व आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभर ओझी उचलणाऱ्या माणसाचे पाऊल गेले, तर त्याची कमाई ४० टक्क्यांनीच घटली असे कसे म्हणता येईल? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात, त्याला सुतारकामच करता येत नाही म्हणून पूर्ण अपंगत्व मान्य केले होते. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांकडून ‘हमालीचे काम करण्याची क्षमता किती उरली’ असा स्वतंत्र अभिप्राय घ्या. आयुक्त तो कितपत मानतील हे डॉक्टरांच्या साक्षीवर ठरेल, त्याची हमी मी देणार नाही. मूळ रकमेवर १२ टक्के व्याज मागा, विनाकारण थकवल्याबद्दल दंड मागा (तो निम्म्या रकमेपर्यंत जाऊ शकतो) आणि दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च बिलांसह वेगळा मागा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही: पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होत होती का? यजमान ईएसआयखाली येत असतील, तर त्या कायद्याचे कलम ५३ आड येते आणि भरपाई ईएसआय महामंडळाकडून घ्यावी लागते. कपात झाली नव्हती तरी ‘व्हायला हवी होती’ हा मुद्दा मालक ऐनवेळी काढतो. आजच पगाराची चिठ्ठी शोधा, नसेल तर महामंडळाला लेखी विचारा आणि पोच घ्या. माथाडी मंडळात नोंद असेल तर तेही कळवा.

रॅकबद्दल. खांब अपघाताआधीच्या दिवाळीपासून तळाशी वाकलेला होता आणि ऑपरेटरने दोनदा सांगितले होते, हे तुम्ही कळकळीने लिहिले आहे. ते वाचून मलाही राग आला. हे खांब पातळ पत्र्याला घड्या घालून केलेले असतात. सरळ उभे असतात तोवर टनांनी माल पेलतात, तळाशी चेपले की ती ताकद निघून जाते. फोर्कलिफ्टची वळणारी चाके मागे असल्याने वळताना तिचा मागचा भाग बाहेर फिरतो आणि नेमका खांबाच्या तळाला लागतो. युरोपीय मानकात एक मीटर लांबीत खांब तुळईच्या (कप्प्याच्या आडव्या दांडीच्या) दिशेने ५ मिलिमीटरहून जास्त आणि तिच्या काटकोनात ३ मिलिमीटरहून जास्त वाकलेला चालत नाही. वाक त्याच्या दुपटीला पोचला तर तो कप्पा तिथल्या तिथे रिकामा करायचा असतो. तुमच्या फोटोतला वाक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

तरीही भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामामुळे आणि कामावर असताना इजा झाली, एवढे पुरते. फोटोंचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. ‘रॅकमधल्या गल्लीत जाऊ नये असा बोर्ड होता, तो मुद्दाम आत गेला’ असे मालक आणि ठेकेदार म्हणतील. साधी बेसावधी हा बचाव होत नाही, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला हे त्यांना सिद्ध करावे लागेल, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व ठरले तर तो बचावही उरत नाही. सुपरवायझरनेच आत पाठवले हे सांगणारा एक सोबती शोधा. फोटो ज्या फोनमध्ये काढले तो विकू नका, पुराव्याच्या नव्या कायद्यातले कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र फोटोंसोबत लागेल. फोर्कलिफ्ट हे वाहन म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणात जाण्याचा विचार सोडा. फक्त आवारात चालणारे यंत्र मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे आणि त्या वादात तुमचा महिना जाईल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तुमचा हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण झाला, म्हणून मी १९२३ चा कायदाच धरतो. अर्जात मात्र ‘आवश्यक तेथे संहितेखालीही’ असे एक वाक्य घाला. नव्या कायद्यात जास्त मुदत मिळेल या आशेवर राहू नका.

निकाल कधी, हे मला सांगता येत नाही. आयुक्तांनी तीन महिन्यांत निर्णय द्यावा असे कलम २५अ म्हणते. कामगार न्यायालयाच्या बाकावर वर्षानुवर्षे बसलेली कुबड्यांवरची माणसे मी पाहिली आहेत आणि त्याची मला चीड आहे. एवढे मात्र आहे, की मालकाला अपील करायचे तर आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, आणि सांगलीची अपिले १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात.

वकिलाच्या फीसाठी आणखी थांबू नका. औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. सोमवारी सांगलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात यजमानांना घेऊन जा. बरोबर आधार कार्ड, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला, स्टॅम्पची झेरॉक्स आणि ऑक्टोबरातली नोटीस असू द्या. तिथे सगळ्यात आधी सांगा, की मुदत फेब्रुवारीत संपते आहे.