कॅडिसचा पंख फिरतो, फ्लाय कलंडते

प्रश्न : १४ नंबरच्या गळावर एल्क हेअर कॅडिस (मासेमारीची फ्लाय, म्हणजे कॅडिस या पाणकिड्यासारखं दिसणारं नकली आमिष; पंख एल्क हरणाच्या केसांचा) बांधतो. दोरा आवळला की पंखाचे केस गळाभोवती फिरतात आणि पाण्यावर फ्लाय कुशीवर पडते. काय चुकतं?

उत्तर : बहुधा केस जास्त होतात. जुडी आगपेटीच्या काडीएवढीच घ्या. मुळाशी असलेली मऊ लव विंचरून पूर्ण काढा; ती राहिली तर पकड बसतच नाही. टोकं स्टॅकरमध्ये (केसांची टोकं जुळवायच्या नळीत) आपटून समान करा आणि पंख गळाच्या बाकापर्यंतच लांब ठेवा. बांधायच्या जागी आधी दोऱ्याचा थर द्या, गळाच्या गुळगुळीत दांड्यावर केस घसरतात. पहिले दोन वेढे सैल, तिसरा सरळ खाली ओढून घट्ट. या वेळी जुडीवरची चिमूट अजिबात सोडू नका, केस फिरतात ते याच क्षणी. मग चार-पाच घट्ट वेढे. केसांचे बुंधे गळाच्या डोळ्यावर (दोरी ओवायच्या छिद्रावर) थोडे राखून कापा. अगदी मुळाशी छाटले तर पंख निसटतो.

कलंडणं थांबवायला हॅकलचे (फ्लायभोवती गुंडाळलेल्या पिसाचे) खालचे तंतू कात्रीने छाटा. फ्लाय पाण्याला टेकून बसते, आणि संथ पाण्यातल्या चोखंदळ ट्राउट माशांसाठी हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो. खळाळत्या प्रवाहात मात्र हॅकल पूर्णच ठेवा.